बॅरल बदलता येणारी महागडी रायफल घ्यावी का? जर्मनीत शिकारीचा परवाना नव्याने मिळालेल्यांसाठी

जर्मनीत यागडश्याईन, म्हणजे शिकारीचा परवाना, हातात पडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रायफल कोणती घ्यायची? सोबत परीक्षा दिलेल्या जर्मन मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या घरी आजोबांची किंवा काकांची एखादी जुनी ८×५७ कॅलिबरची, म्हणजे त्या मापाच्या काडतुसाची, रायफल असते. पहिली दोन वर्षं त्यांचं तिच्यावर भागतं. आपल्या घरात बंदूक असण्याचा प्रश्नच नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे ही खरेदी आपल्याला कोऱ्या पाटीवर करावी लागते, आणि त्यात चुकायला बराच वाव असतो.

दुकानात गेलात की पहिल्या दहा मिनिटांत ब्लाझर आर८ तुमच्या हातात येईल. शेजारी सॉअर, माउझर, मेर्केल, ऑस्ट्रियाची श्ट्रासर मांडलेल्या असतील. यातली बरीच मॉडेलं नळी, म्हणजे बॅरल, बदलता येणारी आहेत. विक्रेत्याचं वाक्यही ठरलेलं: एकदाच खर्च करा, पुढे हव्या त्या कॅलिबरची नुसती नळी घ्या.

माझं मत आधीच सांगतो. पैसे वाचतील म्हणून ही रायफल घेऊ नका, कारण ते वाचत नाहीत. कॅलिबरांचा संग्रह करण्यासाठीही घेऊ नका. तिच्या बाजूने पटण्यासारखं एकच कारण आहे: मे महिन्यात मचाणावर बसलेले असा की डिसेंबरात हाक्याच्या शिकारीत उभे असा, दस्ता तोच, चाप तोच, अंगठ्याची हालचाल तीच. हे कारण तुम्हाला लागू पडतं का, हे पैसे भरण्याआधी कसं तपासायचं ते पुढे सांगतो.

पायरी १: ही रायफल आतून कशी चालते, ते समजून घ्या

साध्या बोल्ट-अॅक्शन रायफलीत, उदाहरणार्थ फिनलंडच्या टिक्का टी३एक्समध्ये, नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे ज्यात बोल्ट मागे-पुढे सरकतो त्या मधल्या सांगाड्यात, आट्यांनी घट्ट बसवलेली असते. बोल्ट पुढे जाऊन कुलूपबंद होतो तो रिसीव्हरमध्ये. काडतूस आणि बोल्ट यांच्यातलं अंतर केसाइतकं नेमकं असावं लागतं. ते चुकलं तर काडतुसाची पितळी पुंगळी फाटू शकते. म्हणून अशा रायफलीची नळी बदलणं हे बंदूक-कारागिराचं काम असतं.

नळी बदलणाऱ्या रायफलींमध्ये बोल्ट थेट नळीच्या मागच्या तोंडात कुलूपबंद होतो. ते नाजूक अंतर प्रत्येक नळीपुरतं कारखान्यातच ठरलेलं असतं. स्फोटाचा सगळा दाब नळी आणि बोल्टचं डोकं यांच्यामध्येच झेलला जातो, दस्ता आणि बाकीचा सांगाडा फक्त धरून ठेवण्याचं काम करतात. म्हणून घरच्या टेबलावर, कारागिराशिवाय नळी बदलता येते.

आर८ बाजारात आली २००८ साली. इस्नी या आल्गॉयमधल्या गावात ती बनते. तिचा बोल्ट वर उचलावा लागत नाही, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. त्याच्या डोक्याभोवती चिरा असलेली एक कडी असते. बोल्ट पुढे गेला की ती चहूबाजूंनी फुलते आणि नळीतल्या खाचेत बसते. चाप आणि मॅगझिन एकाच डब्यात आहेत, आणि तो डबा खालून काढता येतो. या रचनेमुळे तेवढ्याच लांबीची नळी असूनही आख्खी रायफल आखूड होते. मचाणाच्या अरुंद खिडकीत हे लगेच जाणवतं.

नळी बदलण्याची कृती अशी. आधी चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. बोल्ट मागे घ्यायचा, मॅगझिनचा डबा काढायचा. पुढच्या दस्त्याखाली दोन स्क्रू असतात, ते सोबतच्या चावीने सैल करायचे. ते दस्त्यातच अडकून राहतात, त्यामुळे खाली पडून हरवत नाहीत. मग दुर्बिणीसकट नळी वर उचलायची. दुसरी नळी ठेवण्याआधी दस्त्यातली बसण्याची जागा आणि नळीखालचा सपाट भाग कोरड्या फडक्याने पुसायचा. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी शंभर मीटरवर गोळी कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. मग स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने आवळायचे. सराव झाला की हे दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

कॅलिबर बदलताना नेहमी नळी एवढीच बदलून भागतं असं नाही. आर८मध्ये .३०८ विंचेस्टर, .३०-०६, ८×५७ आयएस, ९.३×६२ या सगळ्या एकाच बोल्ट-डोक्यावर चालतात, पण काडतुसाची लांबी बदलली की मॅगझिनच्या आतला भाग बदलावा लागतो. .२२३ला जायचं तर बोल्टचं डोकंही वेगळं लागतं, .३०० विंचेस्टर मॅग्नमसाठी आणखी वेगळं. किंमत विचारताना नुसत्या नळीची विचारू नका. ‘माझ्या आत्ताच्या रायफलीवर हे कॅलिबर चालवायला काय काय लागेल?’ असं विचारा आणि सगळं एका कागदावर लिहून मागा.

पायरी २: वर्षभरात तुम्ही खरंच काय करता, ते लिहून काढा

घाईत ही पायरी बहुतेक जण गाळतात. नवा शिकारी स्वतःचं शिकारक्षेत्र भाड्याने घेऊ शकत नाही, त्यासाठी आधी तीन वर्षं परवाना असावा लागतो. तोवर तुम्ही कुणाच्या तरी क्षेत्रात परवानगीवर जाणार किंवा पाहुणे म्हणून हाक्यात उभे राहणार. म्हणजे कुठे, काय आणि किती अंतरावर मारायचं हे बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या जमिनीवर ठरतं. त्या माणसाला विचारा. त्याच्याकडे रो हरणंच (युरोपातली लहान हरणं) आहेत, की मक्याची उभी शेतं आणि रानडुकरं? सर्वांत लांबचा नेम किती मीटरचा?

आता कायदा. संघीय शिकार कायद्यानुसार रो हरणासाठी काडतुसाची ऊर्जा १०० मीटरवर किमान १००० ज्यूल हवी. रानडुक्कर, लाल हरीण आणि बाकीच्या खूरवाल्या मोठ्या प्राण्यांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर किमान २००० ज्यूल. .२४३ विंचेस्टरवर नवे लोक इथेच फसतात. तिची ऊर्जा पुरते, पण गोळी ६.५ मिलिमीटरहून बारीक असल्याने रानडुकरावर ती बेकायदा ठरते. .२२३ची धाव रो हरणापर्यंतच.

उलट बाजूने पाहा. .३०८, .३०-०६, ८×५७ आयएस, ६.५ क्रीडमोर यांपैकी कुठलंही एक कॅलिबर रो हरणापासून मोठ्या रानडुकरापर्यंत जर्मनीतलं जवळपास सगळं काम कायद्याने आणि नीतीने करतं. .३०८ची ११ ग्रॅमची गोळी साधारण ३५०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन नळीबाहेर पडते, शंभर मीटरवर २०००ची अट ती सहज ओलांडते. रो हरणावर ती ‘जास्त’ होते असं लोक म्हणतात. मांस किती खराब होणार हे मात्र कॅलिबरपेक्षा गोळीचा प्रकार आणि ती नेमकी कुठे बसते यावर ठरतं. म्हणून एका माणसाला दोन कॅलिबर लागतातच, हे मला मान्य नाही.

मग दुसरी नळी कशासाठी? पटण्यासारखी कारणं थोडीच आहेत. एक, सायलेन्सर लावण्यासाठी आखूड नळी आणि खुल्या रानात लांब नेमासाठी लांब नळी. सायलेन्सर पुढे पंधरा-वीस सेंटिमीटर वाढवतो, तेव्हा मचाणावर ४२ सेंटिमीटरची नळी फार सोयीची पडते. दोन, सरावासाठी .२२ एलआर या लहान, स्वस्त काडतुसाची नळी. आर८साठी ती मिळते, आणि त्याच चापावर, त्याच दस्त्यावर स्वस्तात शेकडो गोळ्या झाडता येतात. तीन, हाक्यासाठी एक नळी आणि तिच्यावर कमी वाढवणारी दुर्बीण, मचाणासाठी दुसरी नळी आणि तिच्यावर मोठ्या भिंगाची दुर्बीण. मला सर्वांत भक्कम वाटतं ते हे तिसरं.

कागदावर यातलं एकही कारण तुम्हाला लागू होत नसेल, तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही. चांगली साधी रायफल घ्या आणि उरलेले पैसे दुर्बीण, काडतुसं आणि नेमबाजीच्या मैदानावर घाला.

पायरी ३: हिशेब मांडा

किमती दुकानागणिक आणि लाकडागणिक बदलतात, म्हणून ढोबळ आकडे घेतो. कृत्रिम दस्त्याची आर८ एका नळीसकट ४००० युरोंच्या आसपास. तिच्या दुर्बिणीची सॅडल माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीवर बसवायची पकड, ४००. दुसरी नळी १३००, तिच्यासाठी माउंट पुन्हा ४००. एकूण ६१०० युरो. दुसऱ्या बाजूला टिक्का टी३एक्स १४००, माउंट २००, म्हणजे १६००. अशा दोन घेतल्या तर ३२००. दुर्बिणी दोन्हीकडे दोनच लागणार, म्हणून त्या हिशेबात धरल्या नाहीत.

फरक २९०० युरोंचा. हा फरक पुढे भरून निघेल असं तुम्हाला सांगितलं जाईल. तिसरी नळी माउंटसकट १७०० युरो, आणि तिसरी टिक्का माउंटसकट १६००. मग भरून निघणार कधी? दहा नळ्या घेतल्या तरी नाही.

‘दुर्बीण एकच ठेवली तर?’ असा प्रश्न नेहमी येतो. एकच दुर्बीण दोन नळ्यांवर हलवायची, तर दोन्ही नळ्यांचे नेम वेगळे पडतात. प्रत्येक बदलानंतर दुर्बिणीची नेमाची चकती इतके क्लिक वर, इतके डावीकडे हे लक्षात ठेवावं लागतं. अंधाऱ्या मचाणावर थंडीत बोटं गारठलेली असताना हे डोक्यात राहत नाही, आणि चुकीच्या क्लिकची किंमत जखमी होऊन पळालेलं जनावर मोजतं. असं करू नका.

तिजोरीत जागा वाचते हा मुद्दाही तपासून घ्या. २०१७पासून नव्या तिजोरीसाठी किमान दर्जा ० चं, म्हणजे ईएन ११४३-१चं मानक आहे. या दर्जाच्या तिजोरीत लांब बंदुकांच्या संख्येवर कायद्याची मर्यादा नाही, बंधन फक्त आखूड शस्त्रांवर आहे. सुट्या नळ्याही तिजोरीतच ठेवाव्या लागतात, कारण कायद्याच्या नजरेत नळी हा शस्त्राचा मूलभूत भाग आहे. जागा थोडी वाचते, पण तिच्यासाठी २९०० युरो कुणी घालू नयेत.

गोळ्यांचा खर्च मात्र लोक धरतच नाहीत. बाडेन-व्युर्टेमबेर्गसारख्या राज्यांत खूरवाल्या प्राण्यांसाठी शिशाच्या गोळीला बंदी आहे, इतरत्रही अनेक सरकारी जंगलांत शिसेविरहित गोळीच चालते. तांब्याच्या गोळ्यांचं असं आहे की एका नळीला एक कंपनी मानवते, दुसरीला दुसरी. पहिल्या नळीला आवडणारी गोळी सापडेपर्यंत दोन-तीन पेट्या जातात. दुसऱ्या नळीसाठी तेच पुन्हा पहिल्यापासून.

पायरी ४: दुर्बीण नळीवर बसते की रिसीव्हरवर?

माझ्या मते निर्णय इथेच होतो, आणि दुकानात यावर सर्वांत कमी बोललं जातं.

आर८वर दुर्बीण नळीवरच बसते. नळीच्या बाजूंना खाचा असतात, माउंटचे दोन खटके त्यांत अडकतात. म्हणजे नळी आणि दुर्बीण ही जोडी कायम राहते. हाक्याची नळी १-८×२४ दुर्बिणीसकट कपाटात ठेवा आणि डिसेंबरात लावा. जागा स्वच्छ असेल आणि स्क्रू नीट आवळले असतील तर नेम जिथे होता तिथेच येतो.

मेर्केलची हेलिक्स आणि सॉअरची ४०४ यांत दुर्बीण रिसीव्हरवर बसते. ४०४ची नळी बदलायची चावी तर पट्टा अडकवायच्या पुढच्या कडीतच दडवलेली आहे, तो कारागिरीचा फार सुंदर नमुना आहे. पण नळी बदलली की दुर्बीण जिथल्या तिथे राहते आणि नेम हलतो. पुन्हा मैदानावर जाऊन दुर्बिणीचा नेम जुळवा, किंवा माउंटसकट दुसरी दुर्बीण ठेवा आणि तिचा नेम त्या नळीशी जुळवून घ्या. ज्याला वर्षातून एकदाच, हंगामाच्या सुरुवातीला नळी बदलायची आहे, त्याला हे चालतं. शनिवारी मचाण आणि रविवारी हाका असं ज्याचं वेळापत्रक आहे, त्याला चालत नाही.

म्हणून दुसऱ्या पायरीत तुमचं कारण हाका आणि मचाणाच्या दोन दुर्बिणींचं निघालं असेल, तर नळीवर दुर्बीण बसणाऱ्या रायफलीकडेच पाहा.

पायरी ५: अंगठा, गाल आणि हातमोजे

आर८ आणि ४०४मध्ये नेहमीची सेफ्टी नसते. मागच्या बाजूला अंगठ्याने पुढे ढकलायचा खटका असतो. तो ढकलला की मगच आतली स्प्रिंग ताणली जाते आणि रायफल गोळी झाडायला तयार होते. तोवर चेंबरमध्ये काडतूस असलं तरी ती ताणलेली नसते. मचाणाच्या निसरड्या शिडीवरून चढताना-उतरताना आणि हाक्यात शेजारी माणसं असताना ही रचना खरोखर सुरक्षित आहे. रायफल कोणतीही असो, शिडी चढण्याआधी ती रिकामी करायचीच, हा नियम मात्र कुठल्याही खटक्याने बदलत नाही.

हा खटका सगळ्यांना जमत नाही. त्याला जोर लागतो. हात लहान असतील किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल, तर दुकानात उबेत सोपं वाटलेलं काम उणे आठ अंशांत जाड हातमोज्यांसह अवघड होतं. म्हणून खरेदीला जाताना हातमोजे घेऊन जा. विक्रेत्याची परवानगी घेऊन रिकाम्या रायफलीवर खांद्याला लावून खटका पुढे ढकला, पुन्हा मागे घ्या, सलग वीसेक वेळा. शेवटच्या पाच वेळांत अंगठा काय म्हणतो ते ऐका. खटका हळू पुढे नेऊन आवाज न होऊ देता तो बसवता येतो का, हेही पाहा. शांत संध्याकाळी तीस मीटरवर उभं असलेलं रो हरीण तेवढ्या ‘टक्’नेही मान वर करतं.

मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. काळी कडा दिसली, मान ताणावी लागली, तर तो दस्ता तुमचा नाही, मग त्याच्यावर कितीही भारी अक्रोडाचं लाकूड असो. ही रायफल एकाच दस्त्यावर सगळं करणार आहे, म्हणून तो दस्ता चुकला तर सगळंच चुकतं. दोन वेगळ्या रायफली असत्या तर एक तरी नीट बसली असती. डावखुऱ्यांनी डाव्या बोल्टची आवृत्ती मागावी, आर८ची ती मिळते. उजव्या बोल्टवर ‘सवय होईल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

पायरी ६: मैदानावर परतीचा नेम तपासा

शक्य असेल तर ओळखीच्या माणसाची तीच रायफल घेऊन मैदानावर जा, किंवा चाचणीसाठी रायफल देणारं दुकान शोधा. थंड नळीने शंभर मीटरवर तीन गोळ्या झाडा. नळी काढा, पुसा, परत लावा. नळी थंड होऊ द्या, पुन्हा तीन. हे दोन-तीन वेळा करा, सगळं एकाच कागदी लक्ष्यावर. प्रत्येक तिकडीचा मध्य कुठे आला ते पेन्सिलीने नोंदवा. मध्य एकमेकांपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत राहिले तर शिकारीसाठी ते उत्तम. पाच-सहा सेंटिमीटर हलले तर दोष बहुधा आवळण्यात किंवा घाणीत असतो, तो शोधा. एकाच तिकडीवर भाळून निर्णय घेऊ नका. पहिली तिकडी सगळ्यांचीच छान येते.

हाक्यासाठी घेणार असाल तर धावत्या रानडुकराच्या चलत्चित्रावर सराव करता येणाऱ्या नेमबाजीच्या हॉलमध्ये एक तास घालवा. सरळ ओढायच्या बोल्टचा खरा फायदा तिथे कळतो. गाल न उचलता दुसरी गोळी भरली जाते. मात्र बोल्ट अर्धवट ओढायची सवय लागली तर तीच हालचाल अडकते, आणि हेही तिथेच कळलेलं बरं.

पायरी ७: कागदपत्रं

परवाना असलेल्या शिकाऱ्याला लांब बंदूक घेण्यासाठी आगाऊ मंजुरी लागत नाही. खरेदीनंतर दोन आठवड्यांत वाफेनबेझिट्सकार्टवर, म्हणजे शस्त्रनोंदीच्या कार्डावर, ती चढवून घ्यावी लागते. प्रत्येक जादा नळीची नोंदही तशीच, शुल्क वेगळं. २०२०च्या दुरुस्तीपासून बोल्टचं डोकं हाही मूलभूत भाग मानला जातो, म्हणून नळीसोबत बोल्टचं वेगळं डोकं घेतलं असेल तर त्याचा कागदही जपून ठेवा. त्याच दुरुस्तीने शिकारी परवान्यावर सायलेन्सर घेणं सोपं केलं. सायलेन्सर घ्यायची शक्यता दहा टक्के जरी असली, तरी नळीच्या तोंडाशी आटे असलेली आवृत्तीच मागवा. आटे नंतर पाडायला पाठवलं तर नळी काही आठवडे हातात नसते.

ऑस्ट्रियात किंवा पोलंडमध्ये शिकारीला जायचं असेल तर युरोपीय शस्त्र-पासावर रायफलीसोबत त्या नळीचीही नोंद आहे ना, हे निघण्याआधी पाहा.

सुरक्षेची एक गोष्ट कुठल्याच कार्यालयात सांगत नाहीत. दोन नळ्या घरात आल्या की दोन प्रकारची काडतुसंही घरात येतात. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३च्या चेंबरमध्ये बसतं, आणि झाडलं तर नळी फुटते. ही जोडी एका घरात ठेवूच नका. बाकीच्या जोड्यांसाठी प्रत्येक नळीच्या दुर्बिणीवर आणि तिच्या काडतुसांच्या डबीवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, आणि खिशात एका दिवशी एकच प्रकार ठेवा.

पायरी ८: जुनी घ्यायची का?

मी तर म्हणेन, आधी जुनीच पाहा. आर८ इतकी खपली आहे की वापरलेल्या रायफली आणि सुट्या नळ्या दोन्ही भरपूर मिळतात, कारागिरांकडे आणि लिलावाच्या संकेतस्थळांवरही. बऱ्याच शिकाऱ्यांनी हौसेने दुसरी नळी घेतलेली असते आणि ती दोन हंगाम तिजोरीतच पडून असते. अशी नळी निम्म्या-पाऊण किमतीत मिळते.

पाहताना नळीचं तोंड भिंगाखाली बघा, कडेला खरचटलेलं नको. नळीवर तपासणी-केंद्राचे ठसे हवेत, उल्म शहरातल्या केंद्राचा ठसा हरणाच्या शिंगाचा असतो. नळी मागून-पुढून दिव्याकडे धरून गंज शोधा. दुर्बिणीच्या खाचांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर सोडून द्या. आणि ब्लाझर आर९३ची नळी आर८वर बसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आर९३ ही १९९३ची आधीची रायफल, तिचं उत्पादन आता थांबलं आहे. दिसायला ती सारखी असल्याने जाहिरातींत गोंधळ होतो. दोघींची सॅडल माउंट मात्र एकच चालते, तेवढी जुनी बिनधास्त घ्या.

मॉडेल बंद पडण्याचा विचार नवी घेतानाही करा. नळी बदलायची रायफल म्हणजे पुढची वीस वर्षं त्या कंपनीकडून नळ्या मिळतील यावर लावलेला पैसा. सॉअरमध्ये ४०४ नंतर ५०५ आली. वापरात जितक्या जास्त रायफली, तितके सुटे भाग आणि ते जाणणारे कारागीर जास्त. निव्वळ या कसोटीवर आर८ बाकीच्यांच्या बरीच पुढे आहे.

आता कुणी घ्यावी, कुणी नाही

वर्षातून पाच-सहा वेळा मचाणावर बसणारा, हाक्याला एखाद-दुसऱ्या वेळीच जाणारा: टिक्का, माउझर एम१८ किंवा बेर्गारा, .३०८ किंवा ८×५७मध्ये, आणि परवडेल तितकी चांगली दुर्बीण. मंद उजेडात जनावर ओळखायला मदत होते ती भिंगाची, रायफलीच्या किमतीची नव्हे.

हंगामभर हाक्यांना जाणारा आणि उन्हाळ्यात मक्याच्या शेताजवळ रानडुकरांसाठी रात्री-रात्री बसणारा: आर८, दोन नळ्या, दोन दुर्बिणी, कॅलिबर दोन्हीकडे एकच. हो, एकच. दोन्ही .३०८. काडतुसांचा घोळ नाही आणि धक्का ओळखीचा. मोठ्या रानडुकरांसाठी ९.३×६२ची भुरळ अनेकांना पडते. १९०५पासून ते कॅलिबर आपलं काम चोख करत आलं आहे यात शंका नाही, पण त्याचा धक्का नव्या माणसाला चाप झटकायला शिकवतो.

ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या निवास परवान्यावर, आलेल्या आणि चार-पाच वर्षांत पुण्या-नागपूरला परतण्याचा विचार करणाऱ्यांसाठी वेगळा सल्ला आहे. ही रायफल सोबत नेता येईल असं धरून काहीही घेऊ नका. जाण्याआधी ती इथल्याच परवानाधारकाला किंवा व्यापाऱ्याला विकावी लागेल आणि कार्डावरून उतरवून घ्यावी लागेल. मागणी असल्याने आर८ला किंमत चांगली येते, हा तुमच्यासाठी खरा आर्थिक मुद्दा आहे. फक्त नक्षीकाम आणि महागडं लाकूड यांचा पैसा परत येत नाही, म्हणून साधा काळा दस्ता निवडा. विकताना रायफल एका नळीसकट द्या, दुसरी नळी माउंटसकट वेगळी विका. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा तुमची एकच नळी हवी असते आणि दुसरीच्या नावाखाली तो भाव पाडतो. निघण्याच्या तारखेच्या निदान तीन महिने आधी जाहिरात टाका, म्हणजे शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या भावाला द्यायची वेळ येणार नाही.